फाटक नसलेल्या गावातला पाहुणा

घराला दोन खोल्या वाढवल्या, बाथरूम आत घेतलं, छपरावर टाकी चढवली, की कोकणातल्या वेळणेश्वर गावचा माणूस पहिल्यांदा विचारतो, "भाडं किती लावू?" प्रश्न योग्यच आहे, फक्त थोडा लवकर विचारलेला. त्याआधी एक प्रश्न येतो: येणार कोण?

त्याचं उत्तर घरी बसून मिळत नाही. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी दुपारी, देवळाजवळ गाड्या लागतात तिथे आपण अर्धा तास उभं राहावं आणि नंबरपाट्या वाचाव्यात. एमएच १२ आणि १४ म्हणजे पुणं आणि पिंपरी-चिंचवड, ०४ ठाणं, ०९ कोल्हापूर, १० सांगली, ०८ आपलीच रत्नागिरी. मग गाडीतून काय उतरतं ते बघावं. आजी उतरली का? पूजेची पिशवी उतरली, की बर्फाचा डबा? मूल उतरल्या उतरल्या समुद्राकडे पळालं का? कोण कुठे खर्च करणार, याचा निम्मा अंदाज इथेच येतो. गाडी किती महागाची आहे, हे मात्र बघू नये. त्यावरून अंदाज बांधणारे हमखास फसतात.

आता थोडं लांब जाऊन येऊ, म्हणजे गावातला हिशेब नीट दिसेल. मुंबईत गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि २०२२मध्ये बंद झालं. आपल्यापैकी कितीतरी जण होडीने खाडी ओलांडून तिथे गेले असतील. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३चं. अशा मनोरंजन उद्यानांचा पैसा दोन ठिकाणी जमा होतो. एक दारावर, तिकिटाचा. दुसरा आत, म्हणजे खाणं, फोटो, टोपी, लॉकरचं भाडं असा. दोन्हींची बेरीज आलेल्या माणसांच्या संख्येने भागली की निघतो तो दरडोई खर्च, म्हणजे एका डोक्यामागे पडलेला सरासरी पैसा. उद्यानवाले दिवसभर या एका आकड्याकडे डोळे लावून बसलेले असतात.

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत शिरायला मोठ्या माणसाला एक डॉलर पडत असे आणि प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. पुढे तिकिटांची पुस्तकं निघाली, आणि १९८२मध्ये ती बंद होऊन दारावरच एक तिकीट काढा, आत हवं तितकं बसा, असा कारभार झाला. वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली याच कोड्यावर एक निबंध लिहिला: दारावर जास्त घ्यावं की आत? त्याच्या उत्तराचा गाभा आपल्या पडवीतही लागू पडतो. येणारे सगळे एकाच तऱ्हेचे असतील तर दारावर भरपूर घ्यावं आणि आत स्वस्त ठेवावं. पण माणसं तऱ्हेतऱ्हेची असतील तर दारावरचा मोठा आकडा निम्म्यांना परत पाठवतो. मग दार हलकं ठेवून आत घेणं फायद्याचं. अशा दोन भागांत घेतलेल्या दराला आपण ‘दोन टप्प्यांचं भाडं’ म्हणू. तो शब्द पुढे लागणार आहे.

वेळणेश्वरला फाटकच नाही. माथेरानला आहे. तिथे दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची, पालिकेचा प्रवासी कर भरायचा आणि मग आत जायचं. इथे देव फुकट, समुद्र फुकट, माडांची सावली फुकट. दिवसभर हुंदडून एक रुपयाही न देता माणूस परत जाऊ शकतो, आणि पुष्कळ जण जातातही. मग या गावाचं फाटक कुठलं? मुक्काम. पाहुणा रात्री गावात राहिला की संध्याकाळचा चहा, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी आणि निघतानाची खरेदी आपोआप त्याच्या मागे येते. राहिला नाही तर यातलं जवळपास सगळं गुहागरला किंवा गणपतीपुळ्याला जातं. म्हणून पाहुण्याकडे बघताना त्याच्या खिशाआधी त्याचं घड्याळ बघावं.

पहिली पायरी फोनची. पाहुणा गावात पोहोचण्याआधीच त्याच्या सहलीचा मोठा पैसा खर्च झालेला असतो. पेट्रोल, टोल, घाट उतरण्याआधीची मिसळ, चिपळूणचं जेवण. चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर आणि तिथून आपलं गाव आणखी वीस-बावीस. एवढं करून दमलेला माणूस फोनवर "रूम आहे का?" एवढंच विचारतो आणि आपण "आहे" म्हणून मोकळे होतो. इथे पहिली चूक होते.

"आहे" म्हणण्याआधी आपण विचारून घ्यावं: माणसं किती, त्यांत लहान किती आणि केवढी, म्हातारं कुणी आहे का, ड्रायव्हर सोबत आहे का, देवाचं काही करायचं आहे का, जेवणार का आणि काय. ड्रायव्हरचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रात्री नऊला कळतं की एक माणूस जास्तीचा आहे, त्याला ना गादी ना ताट, आणि तो गाडीत झोपतो. तो नाराज झाला तर पुढच्या वेळी दुसऱ्या पाहुण्यांना घेऊन दुसऱ्याच घरी जातो. कुठे उतरायचं हे बरेचदा ड्रायव्हरच सांगतो, हे लक्षात ठेवावं.

आगाऊ रक्कम घ्यावी, आणि ती परत केव्हा मिळेल व केव्हा नाही हे तेव्हाच मोबाइलवर लिहून पाठवावं. तोंडी बोललेलं दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीने आठवतं. बुकिंगच्या संकेतस्थळावर घर टाकलं असेल तर त्यांचं कमिशन, म्हणजे पाहुणा आणून दिल्याबद्दलचा वाटा, आपल्याच भाड्यातून कापला जातो. तो दरात धरलेला नसतो, आणि मग महिन्याअखेर खोल्या भरलेल्या असूनही हातात काही उरत नाही.

आता येणाऱ्यांच्या तऱ्हा. सगळ्यांत आधी कुळाचाराला आलेले, कारण गावाचा हा सगळ्यांत जुना पाहुणा. वेळणेश्वर अनेक कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत आहे. लग्न झालं, मुंज झाली, नातवंड झालं की देवाला यावंच लागतं. हा पाहुणा हवा बघून येत नाही, तिथी बघून येतो. श्रावणातल्या सोमवारी कोसळत्या पावसात येतो, महाशिवरात्रीला गर्दीत येतो. आणि तो सहसा सोमवार गाठतो, ही गोष्ट हिशेबात मोठी आहे. त्याकडे पुढे येऊ.

त्याचा खर्च कसा पडतो ते बघावं. अभिषेक किंवा लघुरुद्र, गुरुजींची दक्षिणा, बेल-फुलं, नारळ, नैवेद्य. मग दुपारी बारा-पंधरा माणसांची पंगत. म्हणजे गुरुजी, फुलंवाली, आगरातून नारळ देणारा, आचारी, वाढायला आलेली शेजारची मुलगी अशा पाच-सहा हातांत एका सकाळी पैसा पोहोचतो. खोलीच्या भाड्यावर हीच मंडळी घासाघीस करतात, पण पूजेच्या बाबतीत कधी हात आखडता घेत नाहीत. त्यांची वही पिढ्यान्‌पिढ्या चालते. आजोबा ज्या घरी उतरायचे त्याच घरचा नंबर नातू सुनेच्या मोबाइलमध्ये टाकून देतो.

इथे चुका ठरलेल्या आहेत. पहाटे पाचला गरम पाणी लागतं आणि वीज गेलेली असते. बंब नाहीतर गॅसवरचं पातेलं तयार नसतं. गुरुजींना आधी विचारलेलं नसतं आणि त्या दिवशी ते दुसऱ्या गावी असतात. सर्वांत मोठी चूक न्याहारीची. आपण आठला पोहे करून ठेवतो, पण पूजा होईपर्यंत ही माणसं काही खात नाहीत. पोहे गार होतात, साडेदहाला तीच मंडळी भुकेने कासावीस होऊन येतात, आणि त्यातल्या दोघांना उपास असतो. आदल्या रात्री एकदा विचारलं असतं तर काम झालं असतं.

दुसरं, आई-वडील आणि मुलं. या घरात पाकीट बाबांकडे असतं, पण खर्चाचा हुकूम मुलांचा. मूल समुद्रातून निघायला तयार नसेल तर मुक्काम एक दिवसाने वाढतो. मुलाला डास चावले तर एक दिवस आधी संपतो. यांना काय हवं ते साधं आहे. अंघोळीला भरपूर पाणी, कारण अंगावरची वाळू बादलीभर पाण्यात जात नाही. ओले कपडे वाळत घालायला दोरी. आणि तिखट नसलेला एक पदार्थ. तिखट आमटी बघून रडणाऱ्या पोरासाठी ताकभात किंवा मेतकूट-भात सुचला, तर त्या आईचं मन जिंकलंत समजा.

तिसरे उभ्या-उभ्या येणारे. सकाळी गुहागरला व्याडेश्वर, मग वेळणेश्वर, मग हेदवीचा दशभुज गणेश, तिथून तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे जयगड, आणि रात्री गणपतीपुळं. या पाहुण्याचं घड्याळ बोटीला आणि पुढच्या देवाला बांधलेलं. आपल्याकडे तो फार तर तास-दीड तास असतो. देवाला एक नारळ, स्वतःला एक शहाळं, चहा, संपलं. याला थाळी विकायला जाऊ नये. ती येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागतो. पंधरा मिनिटांत हातात पडेल असं काही असावं: घावन-चटणी, आंबोळी, कोकम सरबत. आणि स्वच्छ संडास. बाईमाणसं त्यासाठीच थांबतात आणि थांबली की चहा होतो, हे कुणी पाटीवर लिहीत नाही, पण होतं असंच.

तरुणांचे गट आणि मोटारसायकलवाले यांच्याबद्दल गावात नाराजीच जास्त. चौघांची खोली सांगून सात जण येतात, रात्री उशिरापर्यंत आवाज. हे खरं आहे. पण चहाच्या टपरीवाल्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल. हीच पोरं तीनदा चहा मागवतात, भजी संपवतात, आणि जेवणाला वेळ-काळ बघत नाहीत. यांच्याशी आधीच माणसांचा आकडा, जास्तीच्या गादीचे पैसे आणि दारूबाबतचा घरचा नियम स्पष्ट बोलून घ्यावा. खोलीत शिरल्यावर बोललं की भांडण होतं.

ट्रॅव्हल्सची बस आली की खोल्या एकदम भरतात आणि मन हरखतं. जरा सावकाश. दर त्यांचा मॅनेजर पाडून घेतो, बरेचदा आचारी आणि भांडी त्यांचीच असतात, म्हणजे आपल्या वाट्याला नुसती खोली. त्या बसमधल्या ज्येष्ठ बायका मात्र निघताना आमसुलं, आंबापोळी, कुळीथ पीठ अशी पिशव्या भरून खरेदी करतात. बसचा फायदा होतो तो सकाळी नऊला पडवीत, खोलीच्या भाड्यात नव्हे.

शाळेच्या सहली लवकर उरकू. डबा घरचा, खिशात पन्नास-शंभराची नोट, ती गोळ्यावर आणि चिंचेवर जाते. त्यांच्याकडून कमाईची आशा धरू नये. पाण्याचा नळ आणि संडास दाखवावा.

दोन तऱ्हा मात्र पर्यटकांच्या यादीत कुणी धरत नाही. गावात २०१२पासून अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे, ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं. मुलाला पोहोचवायला, भेटायला, सामान न्यायला पालक येतात. प्रवेशाचा हंगाम पावसाळ्यात, म्हणजे इतर पाहुणा नसताना. त्यांना समुद्राचं फारसं पडलेलं नसतं. स्वच्छ खोली, साधं जेवण आणि "काही लागलं तर मुलगा आमच्याकडे येईल" एवढा भरवसा. हा पाहुणा चार वर्षं येतो.

दुसरा चाकरमानी. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, आपल्याच घरात उतरतो, खोलीचं भाडं शून्य. म्हणून आपण त्याला मोजत नाही. पण गवंडी, सुतार, वायरमन, रिक्षावाला, वाण्याचं दुकान, पालखीपुढचे ढोल, आगराची साफसफाई, सगळ्यांना तो पैसे देऊन जातो. शहरातून आलेला पाहुणा देवळाच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या पट्ट्यात पैसे सोडतो. चाकरमान्याचा पैसा वरच्या वाडीपर्यंत चढतो. गावाच्या हिशेबात मला तो पहिल्या रांगेत बसवावासा वाटतो.

आता दर. इथे ओईचं कोडं कामाला येतं. कोकणात दोन रिवाज आहेत. एक, माणशी पॅकेज, म्हणजे राहणं, चहा, न्याहारी, दोन जेवणं सगळं एका आकड्यात. दुसरा, खोली वेगळी आणि ताट वेगळं, म्हणजेच आपलं दोन टप्प्यांचं भाडं. समजा, आपण पॅकेज माणशी १,५०० ठेवलं आणि मुलांना निम्मं. सुटं घेतलं तर खोली २,०००, जास्तीची गादी ३००, थाळी २५० आणि मुलांची १५०, न्याहारी १०० आणि मुलांची ६०. हे आकडे फक्त समजण्यासाठी. आपले आपण घालावेत.

आई-वडील आणि दोन मुलं आली. पॅकेजने ४,५०० होतात. सुटं धरलं तर खोली आणि एक गादी २,३००, दोन जेवणं १,६००, न्याहारी ३२०, म्हणजे ४,२२०. फरक थोडा, आणि त्या आईला हिशेबाची कटकट नको असते. ती पॅकेज घेईल. आता चार मोटारसायकलवाले आले. पॅकेजचे ६,००० ऐकून ते पुढच्या गावी जातात आणि आपल्याला शून्य मिळतं. सुटं सांगितलं तर खोली २,०००, दोन गाद्या ६००, न्याहारी ४००, म्हणजे ३,००० आले, आणि रात्री कंटाळा येऊन थाळी मागितली तर त्याहून जास्त. म्हणून दोन्ही दर तयार ठेवावेत आणि विचारणारा कोण आहे ते बघून आधी कुठला सांगायचा ते ठरवावं. मात्र विचारल्यावर दोन्ही सांगावेत. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्याला वेगळा दर लावला तर रात्री पडवीत दोघं बोलतात आणि सकाळी आपली पंचाईत होते.

पुढची पायरी दुपारच्या जेवणाची. शहरातल्या माणसाला वाटतं, हॉटेल आहे, बसलं की मिळेल. इथे घरगुती खानावळीत जेवण आधी सांगावं लागतं आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दीडला येऊन तो ताट मागतो, आपण तासभर लागेल म्हणतो, दोघंही चिडतो. पाहुणा चिपळुणात असतानाच फोन करून विचारावं: जेवायला किती वाजता, किती जण? मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा, हेही तेव्हाच. उकडीचे मोदक ऐन वेळी जमत नाहीत.

मासे हवेत का, हे विचारताना आपल्या घरी होतात की नाही ते आधी सांगावं. देवळाजवळची बरीच घरं शाकाहारी. तिथे उतरून सुरमईची वाट बघणारा पाहुणा दोन्हीकडून उपाशी राहतो. आणि १ जून ते ३१ जुलै यंत्रबोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत आलेल्याला ताजी सुरमई देतो म्हणू नये. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, अळूचं फदफदं पुढे केलं तर तोच माणूस बोटं चाटतो.

संध्याकाळ किनाऱ्यावरची. कोण किती वेळ वाळूत राहणार हे भरती-ओहोटी ठरवते. जुन्या माणसांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीचे वाजलेले कळतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. पुनवेला सव्वाअकरा, म्हणजे सायंकाळी पाचच्या सुमाराला ओहोटी. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. अष्टमीच्या आसपासच्या शनिवारी पाणी वर चढलेलं, वाळूचा पट्टा अरुंद. मंडळी लवकर परततात आणि गरम भज्यांना घरात गिऱ्हाईक असतं. पुनवेच्या वा अमावास्येच्या सुमाराला पुळण लांबच लांब उघडी पडते, मुलं अंधार होईपर्यंत खेळतात, कणीस-भेळवाल्याचं साधतं आणि आपलं जेवण उशिरा होतं. हेदवीची बामणघळही भरतीलाच बघायची; खडकाच्या चिरेत लाट शिरून पाणी उंच उसळतं ते तेव्हाच. ओहोटीला पाठवलेला पाहुणा "काहीच नव्हतं हो" म्हणत परत येतो.

इथेच एक बिनपैशाचं काम. ओहोटीला पाण्याची ओढ आतल्या बाजूला असते, हे प्रत्येक पाहुण्याला, तो कितीही पट्टीचा पोहणारा असो, तोंडाने सांगावं. पोहण्याच्या तलावात शिकलेल्याला समुद्राची भीती उलट कमी असते.

सकाळी निघताना शेवटची पायरी, आणि बरीच घरं नेमकी हीच घालवतात. बॅगा गाडीत चढल्या की पाहुण्याच्या मनात एकच असतं, शेजाऱ्यांना आणि ऑफिसात काय न्यायचं? या वीस मिनिटांत तो भाव फारसा बघत नाही. पण आपली आमसुलं पातेल्यात, आंबापोळी डब्यात, वजनकाटा शेजारी गेलेला. रात्रीच पाव आणि अर्ध्या किलोच्या पिशव्या भरून, वर नाव, वजन, तारीख, भाव लिहून पडवीत मांडून ठेवाव्यात. विकायचे खाद्यपदार्थ म्हटल्यावर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लहान घरगुती उत्पादकालाही लागते. ती करून घ्यावी. आणि पैसे घेण्याची सोय आधी बघावी. फोनला रेंज नसली की क्यूआर कोड भिंतीवर शोभेपुरता उरतो. शंभराची चिल्लर घरात असावी.

पैसा आला तरी तो गावात राहतो का, हेही बघायला हवं. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात: पाहुण्याने इथे दिलेला, पण इथे न थांबता बाहेर गेलेला पैसा. बाटलीबंद पाण्याच्या पैशातून गावात राहते ती दुकानदाराची किरकोळ सूट. बाकीचा रुपया चिपळूणमार्गे कंपनीकडे. शहाळ्याचे पैसे माडाच्या मालकाला आणि माडावर चढणाऱ्याला मिळतात, आणि दोघंही संध्याकाळी गावातल्याच दुकानात जातात. थाळीत तेल, साखर, डाळ बाहेरची. तांदूळ, नारळ, कोकम, भाजी आणि करणारे हात इथले. म्हणून न्याहारीला पाव-जॅम ठेवणाऱ्यापेक्षा घावन-नारळाची चटणी ठेवणाऱ्या घराचा रुपया गावात जास्त फिरतो. पाहुण्यालाही पाव-जॅम घरी मिळतोच की.

आता राहिलेला सोमवार. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरले तर त्यात शनिवार पस्तीसच्या आसपास. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याची सुट्टी मिळवली तरी भरलेल्या रात्री वर्षाच्या मानाने थोड्याच. शनिवारची खोली कशीही जाते. तिच्यासाठी जाहिरातीवर खर्च करणं व्यर्थ. पैसा वाढतो तो रविवार ते गुरुवारच्या रिकाम्या रात्री भरल्या तर, आणि त्या भरणारी माणसं आपल्याला ओळखीची आहेत: सोमवारच्या अभिषेकाला रविवारी रात्रीच येऊन राहणारे, निवृत्त जोडपी, महाविद्यालयाचे पालक. या तिघांना मधल्या वारी सवलत द्यावी. मेमध्ये विहिरी तळ गाठतात तेव्हा गर्दीच्या आठवड्यात टँकरचा खर्चही दरात धरावा, नाहीतर सगळ्यांत भरलेला महिनाच सगळ्यांत कोरडा जातो.

आणि वही. दुकानाची असते तशी नको. पाहुणा गेल्यावर पाच मिनिटांत लिहून होईल अशी. तारीख, वार, कुठून आले, किती जण, कशासाठी, किती रात्री, खोलीचे किती, ताटांचे किती, खरेदी किती, आणि शेवटी काय चुकलं. दोन हंगामांत आपल्या घरी कोण येतं ते या वहीत दिसू लागतं. अंदाजाने वाटतं त्यापेक्षा ते बहुतेक वेळा वेगळं निघतं. पुण्याची कुटुंबं समजत होतो आणि वही म्हणते सांगलीचे कुळाचारवाले, असं होतं. एक नोंद नमुन्याला अशी:

‘रविवार रात्र, कोल्हापूर. ७ मोठे, २ लहान, ड्रायव्हर १. नातवाच्या जावळानंतर अभिषेक. १ रात्र. खोल्या २, गाद्या ३. न्याहारी सव्वादहाला, दोघांना साबुदाणा. मोदक ३१. आमसुलं २ किलो, कुळीथ पीठ १ किलो. चूक: आजींना संडासाची पायरी उंच पडली. पुन्हा शिवरात्रीला येतो म्हणाले, तोवर पायरी करणे.’